दिग्याचा कावळा

“शिवलो काय गो?” पत्र्याच्या शेडमागून दिग्याच्या मामांनी विचारलं.

“नाय अजून,” काकू म्हणाल्या.

काकू म्हणजे दिग्याची आई. गुडघे गेलेले, त्यामुळे शेडच्या कोपऱ्यावर त्यांना प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दिली होती. बाकी आम्ही पंधरा-वीस माणसं शेडच्या मागे उभी. गुरुजींचा हुकूमच तसा होता. पिंडाजवळ माणसांची गर्दी दिसली की कावळा बिचकतो, तेव्हा सगळ्यांनी आडोशाला व्हा. ओटा, ओट्यावरची पत्रावळ आणि पत्रावळीतला दिग्याचा पिंड एकट्या काकूंनाच दिसत होता. आम्हाला दिसत होता फक्त गंजका पत्रा, आणि काकूंचा चेहरा.

कल्याणच्या खाडीकाठचा घाट. सकाळचे साडेनऊ. दिगंबर नेरुरकर याचा दहावा. वय वर्षं एकोणतीस, मृत्यूचं कारण हार्ट अटॅक.

हार्ट अटॅक हे मामांचं संशोधन. कुडाळहून पहिल्या गाडीने येऊन त्यांनी बिल्डिंगमध्ये, नातेवाइकांत आणि दिग्याच्या धाकट्या बहिणीचं जिथे जमत आलं होतं त्या मंडळींत ते इतक्या ठामपणे सांगितलं होतं, की एखाद्या डॉक्टरचीही छाती झाली नसती उलट बोलायची. खरी गोष्ट अशी की दिग्या ब्राउन शुगरच्या ओव्हरडोसने गेला. तो गेला तेव्हा मी तिथे होतो. आणि हे माझ्याशिवाय फक्त पुंडलिकला ठाऊक होतं, कारण तोही तिथे होता.

पुंडलिक म्हणजे आमचा पुंड्या. त्या दिवशी तो माझ्या शेजारी, कोणाचा तरी फॉर्मल शर्ट घालून, लग्नातल्या करवल्यासारखा उभा होता. आम्हा दोघांना घाटावर आणलं होतं फिलोमिना सिस्टरने. स्टेशनजवळ आमच्यासारख्यांसाठी एक सेंटर होतं. तिथे नव्या सुया मिळायच्या, जखमांवर पट्टी व्हायची, आणि सोडायचं असेल त्याला जिभेखाली ठेवायची गोळी मिळायची. सिस्टर तिथल्या नर्स. वसईच्या. आवाज असा की गोळी चुकवलेला माणूस तो ऐकून फलाट बदलायचा. जग आम्हाला गर्दुल्ले म्हणायचं. सिस्टर आम्हाला नावाने हाक मारायच्या, आणि नंतर दहा मिनिटं झापायच्या.

“मित्र होता ना तुमचा? मग दहाव्याला जायचं. अंघोळ करून जायचं. आणि अवधूत, केस विंचर, नाहीतर कावळा तुझ्या डोक्यात घरटं करील,” असं म्हणून त्यांनी आम्हाला रिक्षात घातलं होतं.

माझा बेत साधा होता. जायचं, हात जोडायचे, तोंड बंद ठेवायचं आणि परत यायचं. दहा दिवस मी नीट झोपलो नव्हतो. काकूंच्या नजरेला नजर न देता हे एवढं पार पडलं की सुटलो, असं मला वाटत होतं.

आणि कावळा शिवेना.

बरं, कावळे नव्हते असंही नाही. पलीकडच्या ओट्यावर एका पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांचा दहावा होता, तिथे गुरुजींनी हात झटकायच्या आत तीन कावळे तुटून पडले. ती मंडळी अर्ध्या मिनिटात मोकळी होऊन चहाला गेली. मामांना तो अपमानच वाटला.

“त्येंका बरो शिवता,” मामा पुटपुटले.

“घाटावरचे कावळे नऊपर्यंत जेवून घेतात,” गुरुजी म्हणाले. त्यांना अकराला डोंबिवलीत वास्तुशांत होती आणि ते दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. “काही इच्छा राहिली असेल. बोला काहीतरी. आवडीचं सगळं ठेवलंय ना?”

“चहा, बटाटावडा नि सिगरेट,” मामा म्हणाले.

पुंड्या माझ्या कानाला लागला. “त्याला खरं आवडायचं ते ठेवलंच नाही.”

“गप बस.”

“नाही, मी आपलं म्हटलं.”

“आणि कावळा आडवा पडला म्हणजे?”

सिस्टरने मागून आम्हा दोघांच्या बरगडीत एकेक बोट खुपसलं. आम्ही हात जोडले.

पहिला नंबर मामांनी लावला. पत्र्याकडे तोंड करून, घसा साफ करून ते म्हणाले, “दिगू, तुका सुरमय आवडायची. दर वर्साक तुझ्या नावान मी गावाक जेवाण घालतलंय. सुरमयेचा. ये बाबा.”

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

“नाय,” काकू म्हणाल्या.

“कोलंबी पण!”

“नाय रे दादा.”

मामांनी मग दिग्याच्या बहिणीचं लग्न काढलं. थाटात करतो म्हणाले, हॉल एसी घेतो म्हणाले. काकूंनी मान हलवली. मामा भावाच्या मेन्यूवरून बहिणीच्या मेन्यूवर येणार, तेवढ्यात गुरुजींनी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, “वडिलांनी बोलावं.”

दिग्याचे वडील अण्णा ओल्या पंच्याने शेडच्या खांबाला टेकून उभे होते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस, बोलणं पार्सलवरच्या लेबलाएवढंच. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी दिग्याला घराबाहेर काढलं होतं, आणि नंतर स्वतःच जाऊन व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं होतं. तिथे तो तीन महिने राहून आला. ते पत्र्याकडे वळले.

“दिगंबर,” ते म्हणाले, “मी तुला घर बंद केलं ते चुकलं. दार उघडं आहे. परत ये.”

“अहो, अहो!” गुरुजी एकदम पुढे झाले. “परत बोलावू नका! पाठवायचं आहे त्याला!”

“मला नाही पाठवायचं,” अण्णा म्हणाले.

मामांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. गुरुजींनी वर पाहून हे शब्द कामकाजातून वगळावेत अशा अर्थाचा काहीतरी मंत्र म्हटला.

“आता शिवलो?” मामांनी हळूच विचारलं.

“नाय,” काकूंनी सांगितलं. त्यांची नजर ओट्यावरून हलली नव्हती.

“मी बघू का डोकावून?” गुरुजी म्हणाले.

“नको गुरुजी. तुमचं सोवळं लाल आहे. तो बिचकतो.”

गुरुजी स्वतःच्या सोवळ्याकडे बघत मागे सरकले.

यानंतर पुंड्याने जे केलं त्याची मला बिलकुल कल्पना नव्हती. तो हात जोडून दोन पावलं पुढे गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “दिग्या, तुझी शपथ! आजपासून मी सगळं सोडलं!”

सिस्टरने डोळे मिटून घेतले. गेल्या वर्षभरात पुंड्याने अकरा वेळा सगळं सोडलं होतं.

काकू ओट्याकडे बघत म्हणाल्या, “जवळ आला होता. हे ऐकून उडून गेला.”

पुंड्या इतका हिरमुसला की मला त्या परिस्थितीतही हसू आलं. “कावळ्याला काय कळतंय,” असं म्हणत तो मागे आला.

मग सिस्टर स्वतः पुढे झाल्या. “दिगंबर, मी तुझ्यासाठी वसईला चर्चमध्ये मिस्सा सांगीन. रविवारी.” मग त्यांनी गुरुजींना विचारलं, “चालतं ना?”

“चालतं, चालतं,” गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले. त्या क्षणी कोणी नमाज पढतो म्हटलं असतं तरी त्यांची हरकत नव्हती.

तेही चाललं नाही. सव्वादहा झाले. ऊन चढलं, पत्रा तापला, मागच्या दोन-तीन माणसांनी मोबाइल काढले. शेवटी गुरुजींनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढला. त्यांनी तो घरून करूनच आणला होता. अनुभवी माणूस.

“शास्त्रात सोय आहे,” ते म्हणाले. “याच्याकडून स्पर्श करून घेऊ आणि मोकळे होऊ.”

“नको,” काकू म्हणाल्या.

“अहो, पण दर्भाचा तेवढाच—”

“मला खरा पाहिजे. तुम्ही जा डोंबिवलीला. मी बसते.”

“किती वेळ बसशील गो?” मामा म्हणाले.

“शिवेपर्यंत.” मग काकू पहिल्यांदाच ओट्याकडे पाठ करून आमच्याकडे वळल्या. “काहीतरी राहिलंय. कोणीतरी काहीतरी बोललेलं नाही. मुलाला माझ्या ते ऐकायचंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी सगळ्यांकडे सारखंच बघितलं. पण आता हा कावळा संध्याकाळपर्यंत येणार नाही, काकू उन्हात बसून राहणार, आणि त्याला कारण मी, हे मला स्पष्ट दिसू लागलं. मी पुंड्याकडे पाहिलं. पुंड्याने मान जोरात नाही म्हणून हलवली. त्यामुळेच की काय, माझं तोंड उघडलं.

“काकू, हार्ट अटॅक नव्हता.”

“हो कोण?” मामा कडाडले. “खंयसून इलो हो? आमच्या दिगूक काय झाला ता सगळ्यांका ठावक आसा!”

“दादा, गप,” काकू म्हणाल्या. “तू बोल.”

मी बोललो. जुन्या बर्फाच्या कारखान्यामागे आम्ही तिघं होतो. दिग्या केंद्रातून येऊन चार दिवस झाले होते. तीन महिन्यांत शरीराची सवय गेलेली असते आणि पूर्वीचाच डोस जिवावर बेततो, हे सिस्टरने आम्हाला शंभरदा सांगितलं होतं आणि आम्ही शंभरदा मान डोलावली होती. त्याने पूर्वीएवढाच घेतला. थोड्या वेळाने तो घोरायला लागला. आम्ही हसलो, म्हटलं झोपला. मग घोरणं थांबलं. ओठ निळे पडले. आमच्यात एक पक्का समज होता, की असल्याला दवाखान्यात नेलं की नेणाऱ्याला चौकीत नेतात. मी दिग्याला दोनदा हलवलं. मग उठलो आणि पळालो, माझ्यामागे पुंड्याही.

“कुठे पळालास?” काकूंनी विचारलं.

“पुलाकडे.”

“आणि यांचं सेंटर कुठे?”

“उलट्या बाजूला. पाच मिनिटांवर.”

“तिथे जाऊन काय झालं असतं?”

याचं उत्तर सिस्टरने दिलं. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोणास ठाऊक. “इंजेक्शन असतं माझ्याकडे. नॅलोक्सोन. श्वास परत येतो. वेळेत दिलं तर येतो.”

मोबाइल खिशात गेले होते. मला वाटलं, आता अण्णा येऊन मला मारणार. खरं सांगायचं तर मारावं असंच वाटत होतं. अण्णा तसेच खांबाला टेकून उभे राहिले.

“त्याला त्रास झाला का?” काकूंनी विचारलं.

“नाही. झोपल्यासारखाच होता.”

“काही बोलला शेवटी?”

“बोलला. म्हणाला, आईला सांगितलंय जेवायला येतो म्हणून, नऊच्या आत निघू.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. दहा दिवसांत त्या रडल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी रडल्या. मामा पुढे होऊन त्यांच्याजवळ उकिडवे बसले आणि हार्ट अटॅकबद्दल पुढे आयुष्यात एक अक्षर बोलले नाहीत.

थोड्या वेळाने काकूंनी डोळे पुसले. “आता त्याला सांग,” त्या मला म्हणाल्या. “मला सांगून झालं. त्याला काय सांगायचंय ते त्याला सांग.”

मी पत्र्यासमोर उभा राहिलो. मला सुरमई घालणं परवडणार नव्हतं आणि सगळं सोडलं म्हणायची पुंड्यामुळे सोय उरली नव्हती. मी म्हटलं, “दिग्या, मी पळालो. चुकलं माझं. यापुढे कोणी पडला तर मी पळणार नाही. ओळखीचा असो, नसो. थांबीन.”

काकूंनी ओट्याकडे मान वळवली. दोन-तीन क्षण बघत राहिल्या.

“शिवला,” त्या म्हणाल्या.

सगळे एकदम शेडमागून बाहेर धावले. पत्रावळीत भात विस्कटलेला होता, वडा अर्धा होता, आणि एक कावळा कठड्यावर बसून चोच पुसत होता. गुरुजींनी हात जोडले आणि पळत रिक्षा गाठली. पुंड्या माझ्याकडे असा बघत होता, जणू मी परीक्षेत त्याचं बघून लिहून पहिला आलो होतो. अण्णा माझ्याजवळ आले. मी डोळे मिटले. त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि निघून गेले.

तो कावळा माझ्या मानगुटीवर बसला, असंच म्हणायला पाहिजे. माणसांना दिलेले शब्द मी ढिगाने मोडले होते, पण मेलेल्या मित्राने कावळा पाठवून पावती दिलेला शब्द मोडायची माझी हिंमत नव्हती. महिन्याभरात परीक्षा झाली. एसटी स्टँडच्या मुतारीमागे एक अनोळखी माणूस पडलेला दिसला, ओठ तसेच निळे. माझे पाय आपोआप पुलाकडे वळले होते. मी त्यांना शिव्या घालून थांबवलं, सिस्टरला फोन लावला, आणि त्या येईपर्यंत फोनवर त्या सांगतील तसा त्याच्या तोंडात श्वास भरत राहिलो. इंजेक्शन दिल्यावर तो उठून बसला आणि पहिलं वाक्य बोलला ते माझ्या आईवरून होतं. त्याची सगळी नशा मी उतरवली होती ना. त्या शिव्या ऐकताना मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठी मारली, त्यावर त्याने आणखी दिल्या.

पुढे मी गोळी सुरू केली, सेंटरमध्येच कामाला लागलो. काकूही येऊ लागल्या. आधी मी पळालो तर नाही ना, हे बघायला, नंतर डबा घेऊन, नंतर कायमच्याच. मोसंबीवर सुई टोचून इंजेक्शन द्यायला शिकल्या. नव्या पोरांना समोर बसवून म्हणायच्या, “एकटा घेऊ नकोस. आणि सोबतचा पडला तर काय करायचं ते म्हणून दाखव.” पाढे म्हणून घ्यावेत तसं म्हणून घ्यायच्या. पुंड्याने चौदाव्या वेळी सगळं सोडलं, ते अजून टिकलंय.

दर वर्षी ३१ ऑगस्टला, ओव्हरडोसने गेलेल्यांची आठवण जगभर काढतात त्या दिवशी, आम्हीही सेंटरच्या गच्चीवर जमतो आणि आमच्या माणसांची नावं वाचतो. घरच्यांनी हार्ट अटॅक सांगितलेली, कावीळ सांगितलेली, काहीच न सांगितलेली. वाचतात काकू. गेल्या वर्षी एक्केचाळीस नावं झाली. वाचून झाल्यावर आम्ही दोघं चहा घेत बसलो होतो. माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं.

“काकू, त्या दिवशी माझ्या बोलण्याला कावळा शिवला नसता, तर मी आज कुठे असतो कोणास ठाऊक.”

काकूंनी चहाचा घोट घेतला.

“तुझ्या बोलण्याला कुठे शिवला?” त्या म्हणाल्या. “गुरुजी बाजूला झाले आणि तेव्हाच शिवला. दोन होते. अण्णा बोलेपर्यंत वडा निम्मा संपवला त्यांनी.”

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. त्या चेष्टा करत नव्हत्या.

“मग तुम्ही तासभर नाही नाही काय म्हणत होतात?”

“दहा दिवस घरात येणारा प्रत्येक जण मला हार्ट अटॅक सांगत होता. आईला पोराचं कळत नाही? शिवला म्हटलं असतं तर तुम्ही सगळे हात धुऊन घरी गेला असता. मग माझा मुलगा कसा गेला ते मला कोणी सांगितलं असतं? तू सांगितलं असतंस?”

नसतंच सांगितलं.

“पण काकू, बारा वर्षं मी त्या कावळ्याच्या भरवशावर...” मला खरंच राग आला होता. “म्हणजे सगळं उगीचच?”

“किती जणांना उठवलंस आतापर्यंत?”

“सदतीस.”

“मग?” काकू म्हणाल्या. “ते काय कावळ्याने उठवले?”